दगडाखालचा कोळसा

२ जानेवारी

बार असोसिएशनची नवी डायरी आज हातात पडली. वकिलाच्या डायरीत पक्षकारांच्या तारखा लिहायच्या असतात. मी वर तारखा लिहितो आणि खाली उरलेल्या जागेत स्वतःचं रडगाणं. चोवीस वर्षं पलटणीत काढली, तिथं रोजचं रोज लिहून ठेवायची सवय लागली, ती काळा कोट चढवला तरी सुटली नाही. गावात मला 'सुभेदार वकील' म्हणतात. घरात शालू 'अहो'च्या पुढं जात नाही.

पहिली तारीख लिहिली ती जरीनावहिनींची. १२ जानेवारी, गुंडूअण्णांची साक्ष. लाल शाईनं लिहिली. अकरा वर्षं चाललेला दावा आहे, आता कुठं काठाला लागतोय.

आज दुपारी घडलेली गोष्ट मात्र अजून खरी वाटत नाही. राजवर्धनदादा आपणहून घरी आले. आमच्या भागातला सगळा गट त्यांच्या मुठीत. चहा घेता घेता म्हणाले, "सुभेदार, पंचायत समितीला आपल्या गणातनं तुमी उभं ऱ्हायाचं. डाग नसल्याला माणूस पायजे. वर्दीचं नाव हाय तुमच्याकडं."

गंमत अशी, की वहिनींच्या दाव्यात समोरचा पक्षकार हाच माणूस. हायवेकडेला वहिनींची आठ गुंठे जागा आहे, तिथं त्या गाद्या भरतात. शेजारी दादांचं सिमेंटचं गोदाम. दादांच्या वडलांनी हद्दीचा दगड सरकवून तीन गुंठे आत घेतले, असं आमचं म्हणणं. जुन्या मोजणीच्या वेळी गुंडूअण्णा गावचे कोतवाल होते. दगड रोवताना खाली कोळसा पुरायची तेव्हा रीत होती. दगड सरकवता येतो, कोळसा कुणी सरकवत नाही, आणि तो कुजतही नाही. तो पाटीभर कोळसा अण्णांनी स्वतःच्या हातानं पुरलाय. त्या वेळचे बाकीचे सगळे मेले. जागा ठाऊक असणारा जिवंत माणूस हा एकच.

मी म्हटलं, "दादा, मी तर तुमच्याविरुद्ध उभा आहे कोर्टात."

"मग? कोर्ट कोर्टाच्या जागी. इरोधकाला तिकीट देतोय, ह्यो माजा मोठेपणा समजा." चपला घालताना हसत म्हणाले, "त्यो म्हातारा कोळसा दावणार म्हंतोय. कुठं ते तुमास्नी तरी बोललाय का?"

"मला बी नाही. आधी सांगितलं तर खोदून टाकतील म्हणतो. कोर्टानं माणसं दिली की जागेवरच दाखवणार."

"लई बेरकी गडी," दादा म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

ते गेल्यावर शालू म्हणाली, "इतक्या वर्सांत ह्याला आपलं दार सापडलं न्हाय. आज बरं सापडलं?" हिला राजकारणातलं काय कळतंय!

६ जानेवारी

आज बिरोबाच्या देवळात बेल-भंडारा उचलला. गटाचे सगळे उमेदवार ओळीनं उभे. ओंजळीत हळदीचा भंडारा, वर बेलाचं पान, आणि पुजाऱ्याच्या मागनं म्हणायचं, "गटाच्या माणसाला दगा देणार न्हाय. दिला तर ह्यो बिरोबा बघून घेईल." वकील म्हणून सांगतो, कायद्यात याला काडीची किंमत नाही. पण आमच्याकडं स्टॅम्पपेपरवर सही करून दुसऱ्या दिवशी उलटणारे बहाद्दर भंडारा उचलून उलटत नाहीत. उलटला त्याचं घर बसतं म्हणतात.

माझी पाळी आली तेव्हा दादा कानाशी म्हणाले, "बारा तारखेचं तेवढं बगा. उमेदवार आणि गटाचा पुढारी कोर्टात समोरासमोर दिसलं तर लोक हसतील. दावा मागं घ्या म्हणत न्हाय मी. एक तारीख फुडं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी भंडारा उचलला.

शब्द देण्याचंच निघालं म्हणून लिहितो. जरीनावहिनींचा नवरा मुनव्वर आणि मी एकाच दिवशी कोल्हापुरात भरती झालो, एकाच पलटणीत गेलो. बावीस वर्षांपूर्वी तो गस्तीला निघाला तेव्हा म्हणाला, "पिराजी, घराकडं बघ." आमच्यात बाहेर पडणारा प्रत्येक जण मागं राहणाऱ्याला हेच म्हणायचा, त्यात विशेष काही नसतं. मी म्हटलं, "बघतो की." बर्फ खाली आला, आणि त्यात चौघं गेले. तेव्हापासून बघतोच आहे. दाव्यात वहिनींकडून एक कप चहा सोडून काही घेतलेलं नाही. आता एका तारखेनं काय आभाळ कोसळणार आहे?

हाताची हळद दोनदा धुतली तरी नखात राहिलीच.

१२ जानेवारी

तारीख घेतली.

गुंडूअण्णा कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. वय चौऱ्याऐंशी. इस्त्रीचं धोतर, डोक्याला नवा पटका, खिशात आधार कार्ड. वहिनी सकाळीच रिक्षा करून त्यांना घेऊन आल्या होत्या. मला बघताच अण्णा म्हणाले, "पिराजी, समदं पाठ हाय मला. हिरीपासनं किती पावलं, उगवतीला किती. इचारू द्यात काय बी."

आत जाऊन मी मुदतीचा अर्ज दिला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "साक्षीदार हजर आहे ना? वय बघा त्यांचं, वकीलसाहेब." मी म्हटलं, वैयक्तिक अडचण आहे. दादांचे वकील लगेच उठले, "आमची हरकत नाही." खरंच सज्जन माणूस. एरवी मुदतीला नाक मुरडतो, आज एका शब्दानं अडवलं नाही. २३ फेब्रुवारी मिळाली.

बाहेर येऊन सांगितलं. अण्णांना पटकन समजलं नाही. "म्हंजी आज इचारणार न्हाईत?"

वहिनी म्हणाल्या, "असू द्या भाऊजी. तुमचं विलेक्शन हाय न्हवं? अकरा वर्सं थांबलो, आनि म्हैना थांबतो." आणि नेहमीसारखं विचारलं, "फुडची तारीख कवाची?" मी सांगितली. मी डायरीत लिहीपर्यंत त्या समोर उभ्या राहतात. ती त्यांची रीतच आहे. मी लिहिलं की त्यांना वाटतं काम झालं.

अण्णा मात्र बाकावरून उठायला तयार नव्हते. पटका काढून मांडीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. मला उमेदवारीचा अर्ज भरायला जायचं होतं म्हणून मी निघालो.

१७ जानेवारी

प्रचार जोरात. पाय ठणकतात, पण पलटणीत याच्या दुप्पट चाललोय. माजी सैनिक संघटना पाठीशी. मुस्लिम वाड्यात वहिनी स्वतः घरोघरी फिरल्या. "माज्या माणसाचा दोस्त हाय, त्याला मत म्हंजी मुनव्वरला मत," असं सांगत होत्या. एक कार्यकर्ता म्हणाला, "वकील, ह्यो मुद्दा भाषणात घ्या, लई चालंल." मी शिवी घातली त्याला. (नंतर घेतला.)

२० जानेवारी

मोठ्या सभेला जागा मिळेना. शाळेचं मैदान दुसऱ्या गटानं अडवलेलं. दादा म्हणाले, "हायवेकडंची ती तीन गुंठं आनि आमच्या गोदामाफुडची जागा मिळून झकास मैदान हुतंय. पर कोर्टाचं 'जैसे थे' हाय. वैनींची संमती तुमी घ्या."

हा माणूस कोर्टाचा मान ठेवतो, हे मला आवडलं. दुसरा असता तर विचारायच्या फंदात पडला नसता.

वहिनी कापूस पिंजत होत्या. केसांत, भुवयांत सगळीकडं कापूस. ऐकून म्हणाल्या, "तुमच्या सभंला व्हय? मग घ्या की! इचारतायसा काय?" मी म्हटलं, कागद पाहिजे. "लिवा की तुमीच. मी सई करतो." मी तिथंच बसून संमतीपत्र लिहिलं. 'तात्पुरत्या मंडपासाठी जागा सपाट करण्यास व आवश्यक ते खोदकाम करण्यास माझी हरकत नाही.' मसुदा चांगला झाला. 'खोदकाम' हा शब्द दादांनी फोनवर सुचवला, मंडपाचे खांब रोवायला लागतं म्हणून.

२२ जानेवारी

काम करावं तर राजवर्धनदादांनी! एका सभेसाठी जेसीबी लावून सगळी जागा तीन फूट उकरली. डंपरनं माती बाहेर आणि लाल मुरूम आत. मी म्हटलं, "दादा, मंडपाला तीन फूट कशाला?" म्हणाले, "चिखल हुतोय वो."

जानेवारीत कसला चिखल, असं मनात आलं. पण धूळ बसवायला टँकरनं पाणी मारतात, ते खरं. पटलं.

ढिगाऱ्यावर चढून फोटो काढले. घरी आलो तर शालू ओरडली, "पांढरा पायजमा हाय का काय ह्यो? चुलीत शिरलतासा व्हय?" गुडघ्यापर्यंत काळंभोर माखलेलं. जेसीबीचं ऑइल असणार. तिनं साबणानं घासलं, ब्रशानं घासलं. म्हणाली, "त्याल न्हाय वो हे. त्याल असतं तर चिकटलं असतं. हे झडतंय." मी म्हटलं, फेकून दे आता, तीन पायजमे आहेत.

२५ जानेवारी

सभा दणक्यात झाली. चार हजार तर सहज होते. मी मुनव्वरचं नाव घेतलं आणि पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसायला लागल्या. वहिनींना स्टेजवर बसवलं होतं. गुंडूअण्णांनाही कुणीतरी आणलं होतं. ते स्टेजवर आले नाहीत. मैदानाच्या कडेला उभे राहून पायाखालचा मुरूम काठीनं टोकरत होते. मला भाषणाच्या मध्येच दिसलं. म्हातारपण, दुसरं काय.

७ फेब्रुवारी

निवडून आलो. दोनशे बारा मतांनी! गुलालानं अजून कान भरलेत. शालूनं ओवाळलं. मुनव्वरचा फोटो असता तर त्यालाही गुलाल लावला असता, पण फोटो वहिनींकडं आहे.

वहिनींनी माझ्या नव्या खुर्चीसाठी कापसाची बैठक भरून पाठवलीय. वर हिरवं कापड, कडेला हातानं घातलेली शिवण. "सरकारी खुर्ची टोचती म्हंत्यात," असा निरोप.

२३ फेब्रुवारी

अण्णांची साक्ष झाली. वाघासारखी दिली. दादांच्या वकिलांनी दोन तास उलटतपासणी घेतली, एका जागी अडले नाहीत. "कोळसा किती होता?" "पाटीभर." "कसला?" "बाभळीचा. कुंभाराच्या बयाबाईनं दिल्ता." "आज दाखवू शकाल?" "डोळं बांधा आनि न्या."

कोर्टानं कमिशनर नेमला. २ मार्चला जागेवर जाऊन खोदायचं, अण्णा दाखवतील तिथं. दादांच्या वकिलांनी यालाही हरकत घेतली नाही. दुसऱ्यांदा. बाहेर पडताना दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "जाऊ द्या वो, खोदू दे त्यास्नी. आपुन गटाची माणसं."

ते वाक्य ऐकलं आणि फाईल आवरून मी तडक निघालो. घरी येऊन शालूला विचारलं, तो पायजमा कुठाय? म्हणाली, "तुमीच न्हवं का फेकाय सांगिटलासा?"

२ मार्च

सकाळी कमिशनर, मोजणीदार, सगळे जागेवर आले.

अण्णांनी विहिरीला पाठ लावली. एकवीस पावलं मोजली, वळून उगवतीला सात. काठी टेकली. "हितं. दीड हात खाली." मोजणीदारानं खूण केली, दोघा गड्यांनी कुदळ घातली. मुरूम. दीड हात खाली मुरूम. दोन हात, मुरूमच. मग खालचा कातळ लागला, कुदळ खणखणली.

"चुकलं असंल," कमिशनर म्हणाले. "आजोबा, पुन्हा मोजा."

अण्णांनी पुन्हा मोजलं. तीच जागा. मग ते काठी टाकून खड्ड्यात उतरले, गुडघ्यावर बसून हातानं उकरायला लागले. "मी घातलाय की हितं. पाटीभर. चार दिस हाताचं काळं गेलं न्हवतं." गोदामाच्या फाटकाशी उभी असलेली माणसं फिदीफिदी हसली. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानं सपनात पुरला असंल."

मी ताडकन म्हणालो, "इथं खोदकाम झालंय! जानेवारीत तीन फूट माती काढलीय इथली!" तेव्हा दादांच्या वकिलांनी शांतपणे फाईल उघडली आणि कागद काढला. "होय. वादीच्या लेखी संमतीनं. अक्षर ओळखताय ना, वकीलसाहेब?"

अक्षर माझं. खाली जरीनावहिनींची सही.

तेल नव्हतं ते. बाभळीचा कोळसा होता. चाळीस वर्षं तो पाटीभर कोळसा जमिनीखाली इमानानं पडून होता, आणि मी त्याच्यावर उभा राहून फोटो काढले. जागा कुणाला ठाऊक नाही, हे दादांना मीच सांगितलं. म्हणून त्यांनी सगळंच उकरलं. त्यासाठी लागणारा महिनाही मीच काढून दिला. आणि लाज काय म्हणायची ती ही, की मला यातलं बरंचसं आधीच दिसत होतं. दिसायचं, आणि मी पान उलटायचो. मागची पानं आज वाचली. बैलसुद्धा खड्डा बघून थबकतो.

अण्णांना हात धरून वर काढलं. कपाळाला मुरूम लागलेला. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "मला खोटा पाडलास की रं, पिराजी." आयुष्यभर गावचा निरोप्या म्हणून वावरलेला माणूस, ज्याच्या तोंडच्या शब्दावर गाव चालायचं.

वहिनी खड्ड्याशी आल्या. पडलेला पटका उचलून झटकला आणि अण्णांच्या डोक्यावर ठेवला.

३ मार्च

सकाळी वहिनींच्या दुकानात गेलो. त्या गादीला दोरे घालत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, मी उभाच राहिलो.

सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. दादांना काय बोललो ते, तारीख का घेतली ते, पायजम्याचं काळं. म्हटलं, "वकीलपत्र सोडतो. स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहतो. ढिगाऱ्यात कोळसा होता, माझ्या अंगाला लागला होता, असं शपथेवर सांगतो. शालू पण सांगेल. गट काढून टाकेल मला, काढू दे. ते सदस्यपद गेलं चुलीत. भंडारा उचललाय, तो मोडला तर मोडला."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "मुनव्वरला दिल्याला शब्द मोडलासा. आता देवाचा मोडतो म्हंतायसा. मोडायचा हात बसलाय तुमचा."

मी मान खाली घातली.

नवा दोरा ओवत त्या म्हणाल्या, "साक्ष द्या. द्यायलाच पायजे. माज्यासाटनं न्हाय, गुंडूअण्णासाटनं द्या. काल घरला गेल्यापासनं जेवला न्हाय त्यो. म्हंतोय, गाव मला लबाड म्हननार." मग सुई गादीत खोचली. "पर कागदं माजी मला द्या. कोल्हापुरात एक वकीलीनबाई बगिटलीया. सांगून आलोय काल."

काल. म्हणजे जागेवरून थेट कोल्हापूरच गाठलं बाईनं.

फाईल मी सोबतच नेली होती, का कोण जाणे. दिली. त्यांनी ती गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात बांधली. मी निघालो तशी पाठीमागनं हाक आली. "फुडची तारीख कवाची पडली?"

"अठरा मार्च." आणि सवयीनं मी काखेतली डायरी काढली, पेन काढलं.

"तुमच्या डायरीत नगा लिवू, वकीलसाब," त्या म्हणाल्या. "माजी मी ध्यानात ठेवतो."

बावीस वर्षं भाऊजी होतो.

१७ मार्च

काल बिरोबाच्या देवळात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की अठरा तारखेला मी गटाच्या माणसाविरुद्ध साक्ष देणार, पायजम्याच्या काळ्यासकट सगळं सांगणार. दादांचा फोन आला, आवाज न चढवता म्हणाले, "सुभेदार, कोळसा तर न्हाय. तुमचा पायजमा तरी हाय का?" तोही नाही. कोर्टात माझ्या शब्दाचं वजन किती भरेल, हे मला वकील म्हणून चांगलं ठाऊक आहे. खोदायची संमती ज्यानं लिहिली तोच उठून सांगतोय म्हटल्यावर समोरचा वकील मला फाडून खाईल. मी असतो तर मीही खाल्लं असतं.

हिरवी बैठक पंचायतीच्या खुर्चीवरून घरी आणली. त्यावर बसवत नाही, टाकवत नाही. शालूनं कपाटावर ठेवलीय.

आज बूट दोनदा पॉलिश केले. उद्याच्या पानावर वरची जागा कोरी आहे, तिथं कुणाचीच तारीख नाही. मला काळा कोट घालायचा नाही. पुकारा होईपर्यंत साक्षीदारानं आत जायचं नसतं. व्हरांड्यात तो एकच बाक आहे. माझी साक्ष ऐकायला अण्णा आधीच येऊन बसलेले असणार. त्यांनी सरकून जागा दिली तर बसेन. नाही दिली तर उभा राहीन.